रॉबर्ट ढेकळे, लंडन-फुलंब्री

४ जानेवारी
दादाला वेड लागलंय! कंपनीला सुट्टी असली की लग्नातला कोट, नकली मिशी, लाटण्याला काळं फडकं गुंडाळून केलेला माईक — की झाला रॉबर्ट ढेकळे, लंडन-फुलंब्रीचा पत्रकार. अतिशय गंभीर चेहऱ्यानं बिनडोक प्रश्न विचारतो. त्याचा मित्र ऋतुराज मोबाइलवर शूट करतो आणि अख्खं वाळूज हसतं.

आता म्हणे मोठी फिल्म करायची. खोटी डॉक्युमेंटरी! विषय — मेंढरांचं राजकारण. आणि मुलाखत कुणाची? आप्पांची!

आप्पा म्हणजे आमचे वडील. दोन वर्षं दादाशी बोललेले नाहीत. ‘मेंढरांमागं जिंदगी घालवणार नाय’ म्हणून हा पिशोर सोडून आला तेव्हापासून. माझ्याशी फोनवर छान बोलतात, दादाचं नाव निघालं की यांची रेंज जाते.

ओळखतील रे, म्हटलं. त्यांना मोतीबिंदू आहे, आणि ढेकळे नाकात बोलतो, म्हणाला. मग हळूच, “मला निस्तं त्यांच्याम्होरं बसायचंय गं.”
मीच कोटाला इस्त्री करून दिली.

११ जानेवारी
गेले दोघं पिशोरला! आई बाजाराला गेलेली बघून. परत आल्यावर दादा कोटासकट झोपला.

१८ जानेवारी
फिल्म पाहिली. पोट दुखेस्तोवर हसले. ढेकळे विचारतो, मेंढरं आपला नेता कसा निवडतात? आप्पा शांतपणे म्हणतात, “म्होरचं जिकडं गेलं, तिकडं समदी. तुमच्याकडं येगळं हाय का?” ढेकळे नुसती मिशी सावरतो!

आणि साहेबांचा अवतार! कोट, टाय, खाली लेंड्यांत अनवाणी पाय. मेंढरांच्या वाड्यात आम्ही पायतण घालून जात नाही. येडा, सवयीनं बूट बाहेर काढून आत गेला. लोकांना तोही विनोदच वाटतोय.

शेवटी ढेकळे मुलंबाळं विचारतो. “पोरगी शिकतीय. पोरगा वाळूजला. गुणाचाय. मीच आडमुठा.”

मी रडले. दादा भांडी घासायला उठला. भांडी सकाळीच घासलेली होती.

२२ जानेवारी
भडका उडालाय. फुलंब्रीचे काकासाहेब, भावकीतले सगळ्यात मोठे, ग्रुपवर पेटलेत. समाजाचं हसं केलं म्हणे, दिसत नसलेल्या म्हाताऱ्याला फसवलं. अहो, हसं ढेकळेचं होतंय! नीट बघा तरी!

रविवारी पिशोरला बैठक. ढेकळे कोण हे भावकीत अजून कुणाला कळलेलं नाही, पण शोधून काढणार आणि माफी मागायला लावणार.

दादा जेवत नाही. आपल्याला फसवणारा आपलाच पोरगा, हे आप्पांना कळलं की संपलं. आयुष्यात तोंड बघायचे नाहीत. मला त्याचा राग येतो आणि लगेच दयाही येते.

२५ जानेवारी
दादा बैठकीला गेला. बिनमिशीचा. मीही गेले. सगळ्यांसमोर उभं राहून त्यानं सांगितलं — ढेकळे मीच.

काकासाहेब बरंच काही बोलले. मग आप्पा काठी टेकत उठले.
“मुलाखत माझी. बेइज्जती झाली आसंल तर माझी. मला तर नाय वाटत.”

आणि दादाकडे न बघता मेंढरांकडे निघून गेले. बैठक मोडली. येताना गाडीवर दादाची पाठ हलत होती.

२६ जानेवारी
सकाळी आप्पांचा फोन. म्हणाले, त्या ढेकळेला दे. दादा फोन हातात घेईना, म्हणून मीच स्पीकर लावला.

“लंडनचा सायेब पायतण काढून वाड्यात येतो व्हय रं? तवाच वळखलं म्या. जे बोललो ते तुलाच बोललो. बाकीचं ऐकायला ये. मिशी घरी ठेव.”