गिरणीतला प्लग

३ फेब्रुवारी
वस्तीवरची शोभा आली, जुन्या इलेक्ट्रिक सायकलवर. कारंज्याच्या एका दवाखान्यात साफसफाईचं काम मिळालंय. आठला हजर राहायचं, आपली पहिली एसटी साडेनऊची. सायकल आहे म्हणून काम आहे. पण वस्तीवर एकाही घरात मीटर नाही. विचारलं, चार्जिंग कुठं?
"गिरणीत, बाई. बॅटरी दळणाच्या रांगेत ठेवतो. सकाळी नेतो."

५ फेब्रु.
गिरणीत डोकावले. ज्वारी-गव्हाच्या डब्यांमध्ये तिची बॅटरी, वर खडूनं नाव. वसंता गिरणीवाला म्हणाला, "इचं पीठ लय बारीक निघते, बाई!"

११ फेब्रु.
वस्तीवरच्या आणखी चौघी सायकल घ्यायचं म्हणताहेत. वसंताकडे प्लग एकच. ग्रामपंचायतीच्या भिंतीला पाच प्लग हवेत, सर्वांसाठी. रस्ता सगळ्यांचा म्हणायचं, आणि त्यावरून जायची सोय ज्याच्या घरी मीटर त्यालाच! ग्रामसभेत मांडणार. मुद्दे काढले.

१४ फेब्रु.
शोभाला सांगितलं. खूश होईल वाटलं होतं.
"काहून बोलता, बाई? माह्यं चालू हाये. लोक वसंतादादाले विचारतीन."
हक्क आणि उपकार यांवर पाऊण तास बोलले. तिनं सगळं ऐकलं.
"तुमचं आयकाले बरं लागते. पन मले आठले पोचा लागते."
नाव घेणार नाही, असं कबूल केलं.

२२ फेब्रु.
ग्रामसभा. बोलले. नाव घेतलं नाही. टाळ्या बऱ्याच. मागून एकजण, "मंग गिरणीत कोनाची बॅटरी हाये?" सगळ्या माना वसंताकडे. प्लगचा ठराव झाला. मंजुरी आल्यावर बघू, असं सरपंच.

२३ फेब्रु.
वसंतानं बॅटरी परत दिली. "सारे विचारून राह्यले, बाई. कोनाकोनाले ठिवू?" शोभा आज गेलीच नाही. एक खाडा. संध्याकाळी तिला म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरात लाव. लावली. मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

२७ फेब्रु.
उद्यापासून तीन दिवस वाशीमला व्याख्यानं. घराला कुलूप. सकाळी शोभा बॅटरी न्यायला आली तेव्हा सांगितलं.
"मंग तीन दिवस?" एवढंच म्हणाली.
तीन खाडे झाले की दवाखान्यात दुसरी बाई. एक झालेला आहे.
किल्ली तिनं मागितली नाही. मीही पुढे केली नाही. कपाटं, कागदपत्रं, आईचे दागिने... असं काहीबाही मनात. चाळीस वर्षं माणसांवर विश्वास ठेवा म्हणून बोलतेय.
आता साडेसहा. सातला ती बॅटरी ठेवायला येईल.