नोव्हेंबरातले अग्निबाण

सोमवार, ४ नोव्हेंबर

मामाने ठरवून टाकलं. शनिवारी अग्निबाणाचा उत्सव. वैशाखातला उत्सव ऐन कापणीत – का, तर त्याच्या नदीकाठच्या लॉजवर बसभर फिरंगी येणार आहेत आणि त्यांना मेमध्ये सुट्टी नसते.

मी म्हटलं, "मामा, भात कापून शेतात पडलाय. बाण वर गेला की आभाळातल्या फया थेन देवाला वाटणार, ही माणसं पाऊस मागताहेत."

"फया थेनकडे कॅलेंडर नाही का? सियांग, देवळात चार वर्षं काय झाडूच मारलास?"

चीवर उतरवून घरी परतलेल्या पोराला आमच्याकडे सियांग म्हणतात. मानाने म्हणतात. मामा तसं म्हणत नाही.

बाण तीन – देवळाचा, इन्पेंग काकांचा आणि माझा.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मामाचं पत्रक लिहून दिलं. "शेकडो वर्षांपासून दर नोव्हेंबरला साजरा होणारा प्राचीन उत्सव." शब्द त्याचे, शुद्धलेखन माझं. दोनदा तपासलं. खोटं असलं म्हणून अशुद्ध कशाला?

खाली ठळक अक्षरात – "ज्याचा बाण फुसका निघेल त्याला चिखलात फेकण्यात येईल." आता या दिवसांत चिखल कुठून आणायचा? मामा म्हणाला, पत्रकात छापलाय म्हणजे हवाच. शाळेमागच्या खड्ड्यात पंपाने पाणी सोडलंय.

बुधवार, ६ नोव्हेंबर

बांबूच्या बेटात इन्पेंग काका भेटले. त्यांच्या मुलीचं, वन्नालीचं आणि माझं त्यांना ठाऊक आहे. बांबू टिचकीने वाजवत, माझ्याकडे न बघता बोलले.

"मेमध्ये तुझा बाण माझ्यापेक्षा वर गेला. एकदा कुणाचाही जातो. शनिवारी पुन्हा गेला तर आईला बोलणी करायला पाठव. चिखलात पडलास तर विषय संपला."

"काका, पण भात –"

"मी बाण करतो. हवामान खातं नाही चालवत."

मग देवळात गेलो. मोठे भंते बाणासाठी कोळसा कुटत होते. पावसाचं विचारलं. म्हणाले, "फया थेन बुद्धवचनात कुठे आहे? दाखव." मी काय दाखवणार. "मग ठासणीकडे लक्ष दे."

आई शेतावरून आली. अर्धा भात अजून खुंटांवर वाळत पडलाय. वर्षभराचं खाणं. दारात उभी राहून नुसती वर बघत होती.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आभाळ स्वच्छ. तरी सारखा बघतोय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

बस आली. एक बाई उतरल्यापासून सगळ्यांना हात जोडतेय – भंत्यांना, मामाला, मामाच्या म्हशीला. एका लांब केसांच्या गृहस्थाच्या पोटरीवर बुद्ध गोंदवलेला. त्याने मला विचारलं, हा उत्सव खरा आहे ना? फिरंग्यांसाठी केलेला नाही ना? त्याला तसलं आवडत नाही म्हणे.

मी पत्रक दिलं.

दुपारी वन्नाली आली. माझ्या बाणाला पांढरा धागा बांधला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. "उद्या असा वर जाऊ दे की बाबांची मान दुखायला पाहिजे." मी हो म्हटलं.

ती गेल्यावर बाण उघडला. सोरा काढला, ओला केला, पुन्हा भरला, सैल ठासला. मेमध्ये जेवढं जपून बरोबर केलं होतं तेवढंच जपून बिघडवलं. धागा मात्र जसा होता तसा बांधून ठेवला. आईचा भात की माझं लग्न, यात निवड करायला फार अक्कल लागत नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

काय लिहू.

पहिला देवळाचा. भंत्यांनी मंत्र म्हटला, वात पेटली. बाण विडीसारखा धुमसला आणि विझला. भंत्यांना तर चिखलात टाकता येत नाही! मग देवळाच्या समितीचा प्रमुख कोण? मामा. नवा शर्ट होता. "अरे, मी यजमान आहे, यजमान!" म्हणेपर्यंत खड्ड्यात.

दुसरा इन्पेंग काकांचा. माझ्या आठवणीत त्यांचा बाण फुसका निघालेला नाही. तो कण्हला, हातभर सरकला, पडला. काका स्वतःच खड्ड्याकडे चालत गेले. म्हणाले, "चला, आटपा."

तिसरा माझा. वन्नालीने त्याच्यासमोर हात जोडले. नुसता धूर. वन्नालीने पाठ फिरवली ते मी हवेत असताना पाहिलं.

फिरंगी वेडे झाले होते. हात जोडणारी बाई खड्ड्याशी वाकून विचारत होती – हा अहंकाराचा त्याग का? कानात चिखल गेलेला. हो म्हटलं.

नदीवर आम्ही तिघं अंग धूत होतो. काका हळूच म्हणाले, "किती पाणी घातलंस?"

"कशात?"

"मला शिकवतोस? मी राख घातली."

मामा साबण धरून दोघांकडे बघत राहिला. "म्हणजे मुद्दाम? अडाणी कुठले! मग देवळाचा?" तसाच ओलेत्याने देवळात गेला, परत आला. "भंते म्हणतात, विचारू नकोस, मला खोटं बोलता येत नाही."

काका पाठ चोळत मामाला म्हणाले, "आमचं राहू दे. तुझा भात कुठाय, सोमनुक? सकाळी तुझ्या शेतावरून आलो. एक पेंढी ठेवली नाहीस."

मामा पाण्यात साबण शोधायला लागला. साबण त्याच्या हातात होता.

रविवार, १० नोव्हेंबर

गाव हसतंय. पाणवठ्यावर बायका म्हणतात, "सियांग, मेमधला बाण कुणाकडून करून घेतला होतास?" सांगता येत नाही. फिरंगी पैसे वसूल झाले म्हणून खूश. त्यांच्या कंपनीला दर हिवाळ्यात उत्सव हवाय – मात्र बाण फुसकेच पाहिजेत म्हणे. मामा हो म्हणून बसलाय.

वन्नाली दोनदा समोरून गेली. थांबली नाही. मलाही हाक मारायचं धाडस झालं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आईबरोबर भात वाहिला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

इन्पेंग काका घरी आले! आईसमोर मांडी घालून बसले. म्हणाले, "पोरगा चिखलात पडला ते मी पाहिलं, आणि का पडला ते मला कळलं. माझ्याकडून हो आहे." आईने त्यांच्यापुढे भाताची टोपली ठेवली, मिरचीची चटणी केली. तिचे हात इतके भरभर चालताना कधी पाहिले नव्हते.

झोप येत नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

वन्नाली आली, पायरीवरूनच बोलली. "बाबांनी राख घातली ते त्यांनी आईला त्याच दिवशी सांगितलं. तू मला ओल्या बाणासमोर हात जोडू दिलेस. जो एवढंही सांगत नाही, त्याच्या घरात मी नाही येणार."

भात सगळा घरात आला. पाऊस आला नाही.