बहात्तर तासांचा डबा

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सरकारची पुस्तिका आली. पूर आला, वीज गेली तर प्रत्येक घराने बहात्तर तास स्वतःच्या बळावर काढायचे. पुस्तिका डच भाषेत. चित्रं मला पूर्ण समजली.

आपलं घर डाइकच्या, म्हणजे नदीच्या बांधाच्या, पायथ्याशी. पलीकडे वाल नदी, आणि ती आपल्या स्वयंपाकघरापेक्षा उंचावर वाहते हे माझ्या बायकोला, मृदुलाला, शेजारच्या यानेकेबाईंनी सांगून ठेवलंय. बाईंचं वय एक्क्याऐंशी. १९९५च्या पुराच्या वेळी त्या घर सोडून गाईंसकट गेल्या होत्या. कशाला सांगायचं?

मृदुलाला आमचं आधीचं गाव, रायस्वाइक, सोडायचंच नव्हतं. तिथे तिच्या चकल्यांची गिऱ्हाइकं, तिथे मैत्रिणी. इथून जवळच्या नायमेखन शहरातली नोकरी माझी, खेड्यातल्या घराचा हट्टही माझा. तिची अट: जानेवारीअखेर इथे सुरक्षित वाटलं तर राहू, नाहीतर परत. सुरक्षितता खातं आजपासून माझ्याकडे. यानेकेबाईंनाही मीच वाचवणार.

२९ नोव्हेंबर
एक्सेल तयार. चार टॅब, रंगांसकट. विकत अजून काही आणलेलं नाही, पण साठ टक्के काम झालं असं धरायला हरकत नाही.

अन्न: डच डबाबंद घेवडा घशाखाली उतरत नाही. मृदुलाच्या मालातून चकली, चिवडा, बेसन लाडू मोठ्या स्टीलच्या डब्यात भरून घेतले. पूर येईपर्यंत डबा उघडायचा नाही, असं तिने मला बजावलं. मला! वाईट वाटलं.

१ डिसेंबर, सोमवार
महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाराला इथे भोंग्याची चाचणी असते. आपण त्यावर ड्रिल ठेवलं: भोंगा झाला की तीन मिनिटांत सगळे जिन्याखाली.

आमची मुलगी श्रुती शाळेत होती. मृदुलाचे हात पिठात आणि सोऱ्यात, ती म्हणाली आत्ता नाही. मी मीटिंगमध्ये. हजेरी शून्य. ड्रिलमधून संपर्काची उणीव लक्षात आली, म्हणजे ड्रिल उपयोगी ठरलं.

५ डिसेंबर, दुपारी ४.१०
चहाबरोबर क्वालिटी चेक. चकली खुसखुशीत. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. चार घेतल्या.

१२ डिसेंबर
मृदुलाने यानेकेबाईंना लाडू दिले होते. डबा रिकामा परत करायचा नसतो हेही तिने त्यांना शिकवलंय. आज डबा परत आला. आत काय? मेणबत्त्या, काडेपेटी, टॉर्चचे सेल. या लोकांना द्यायघ्यायचं कळत नाही.

उद्या आमच्या मित्राची, सुबोधची, रायस्वाइकला वास्तुशांत. मेणबत्त्यांना रिबीन बांधली, भेट तयार. मृदुला म्हणाली ठेव घरात. मी समजावलं की आपण रिचार्जेबल दिवा मागवलाय. सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले.

२८ डिसेंबर
डब्याचं ऑडिट. चिवड्याची पातळी बरीच खाली. इथली हवा दमट, पदार्थ बसतात.

भर म्हणून तांदूळ आणि तूरडाळ, पाच-पाच किलो. संकटात खिचडीसारखं दुसरं काही नाही. कुकरही जिन्याखाली ठेवला. मृदुलाने कुकरकडे पाहिलं, आपल्या इंडक्शन शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गेली. कौतुक असं शब्दांवाचूनच करते ती.

५ जानेवारी
दुसरं ड्रिल. हजेरी एक (मी). सुधारणा स्पष्ट.
पाणी: माणशी नऊ लिटर. साठवलेलं पाणी शिळं होतं. धोका दिसला की भरू, नळ आहेच.

१६ जानेवारी
नदी डाइकपलीकडच्या कुरणात शिरली. यानेकेबाई म्हणाल्या, दर हिवाळ्यात शिरते. मृदुला मात्र सकाळपासून रायस्वाइकमधली घरं बघतेय. सुबोधच्या गल्लीत एक घर रिकामं होतंय, तिने फोटोही मागवलेत. हे घर मला फार आवडतं. तिला सांगितलं, तयारी ब्याण्णव टक्के.

१७ जानेवारी, शनिवार (पेन्सिलीने, यानेकेबाईंच्या घरून)
संध्याकाळी ५.२०ला अख्ख्या गावाची वीज गेली. मी शांत होतो.

एक्सेल क्लाउडवर, आणि इंटरनेट बंद. दिवा खोक्यात, चार्ज न केलेला. शेगडी विजेची, हे मला आजच जाणवलं. शेवटी मृदुलाने मोबाइलच्या उजेडात डबा उघडला. दोन चकल्या, चिवड्याचा चुरा, शेंगदाणे नाहीतच, लाडवांचा कागद. श्रुती डचमध्ये काहीतरी बोलली आणि हसत सुटली. मृदुला हसली नाही.

मी जाकीट चढवलं. म्हटलं, आधी यानेकेबाईंना वाचवून आणतो. दार उघडलं तर समोर त्याच, हातात कंदील. त्यांनी माझं कोपर धरलं आणि आम्हा तिघांना आपल्या घरी आणलं.

लाकडाची शेगडी पेटलेली, वर वाटाण्याचं सूप, रेडिओ चालू. भिंतीवर गल्लीची यादी: संकटात आधी कुणाला आणायचं. पहिलं नाव माझं. दुसरं पीटचं. पीट ब्याण्णव वर्षांचा आहे, वॉकर घेऊन चालतो.

आपलं नाव कुणी दिलं, विचारलं. मृदुलाने दिलं. पुढे तारीख होती, २८ नोव्हेंबर. म्हणजे मी खातं हाती घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी. फार लागलं मनाला.

मग ती आपले डाळतांदूळ घेऊन आली, त्या शेगडीवर खिचडी लावली. पीटलाही आणलं होतं, त्याने दोनदा घेतली. पातेलं पुसताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपण इथेच राहू या. यानेकेबाई आहेत ना शेजारी."

१८ जानेवारी, रविवार
सकाळी वीज आली. घर टिकलं, म्हणजे योजनेचं उद्दिष्ट शंभर टक्के साध्य. कुणामुळे, या तपशिलात शिरायचं कारण नाही.

यानेकेबाईंना विनंती केली, निदान पीटच्या खाली तरी नाव घाला. त्यांनी चष्मा लावून यादी पाहिली, विचार केला. म्हणाल्या, पीटकडे मेणबत्त्या आहेत.

त्यांचं सुपाचं भांडं परत करायचं काम मृदुलाने माझ्यावर सोपवलं. रिकामं नको म्हणून उरलेल्या दोन चकल्या आत ठेवल्या. त्यांचं दार वीस पावलांवर.

एक पोहोचली.