बताक्यावर सुतार, पेटीत मेकॅनिक

काका,

नॉमिनेशन आलं. आधी हे सांगून टाकतो, कारण तुम्हाला पाल्हाळ आवडत नसे. "मशीन चालू हाय का बंद, ते पयले सांग," म्हणायचात. तर मशीन चालू आहे. शनिवारी सकाळी मी मस्कतच्या कुरुम भागात एका दुकानाच्या गच्चीवर एसीचा कंडेन्सर धूत होतो आणि लेकीचा फोन आला. ती तेरा वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. आधी ती नुसतीच किंचाळली. मला वाटलं, घरात झुरळ निघालं. मग म्हणाली, "बाबा, मेल आला! प्रॉव्हिन्सने तुला नॉमिनेट केला!" मी पाण्याचा पाइप हातात धरून तसाच उभा, आणि पाइपाचं तोंड माझ्याच बुटात. खाली उतरलो तेव्हा पायातून पचपच आवाज येत होता आणि मी एकटाच हसत होतो. अझैबाला घरी पोचलो तर बायकोने घावण्यांचा तवा चढवलेला, लेक सोफ्यावर नाचतेय, आणि शेजारची मल्याळी बाई काय झालं ते न विचारताच नाचात सामील झालेली.

तुमच्या वेळी हे प्रकरण आपल्या लोकांत नव्हतं, म्हणून सांगतो. कॅनडात कायमचं राहायचं तर एक रस्ता गुणांचा आहे: वय, शिक्षण, इंग्रजी. त्या रांगेत माझा नंबर माझ्या नातवाच्या बारशाला लागला असता. दुसरा रस्ता तिथल्या प्रांतांचा. एखाद्या प्रांताला अमुक कामाची माणसं कमी पडत असली तर तो कॅनडाच्या सरकारला कळवतो की हा माणूस आम्हाला हवा आहे. त्याला नॉमिनेशन म्हणतात, आणि ते मिळालं की कायमच्या रहिवासाची वाट पुष्कळ सोपी होते. मला ज्या प्रांताने मागितलं आहे तिथे मासे आणि बटाटे यांची कोल्ड स्टोरेजं आहेत, आणि ती चालू ठेवायला रेफ्रिजरेशन मेकॅनिक मिळत नाहीत. सहा महिने बर्फाखाली असणाऱ्या मुलखाने मला गार करायला बोलावलं आहे. तुम्ही असतात तर या एका गोष्टीवर आठवडाभर हसला असतात. अजून मेडिकल आहे, पोलिसांचा दाखला आहे, बोटांचे ठसे आहेत. पण मला कोणीतरी हवा म्हटलंय, आणि ते लेखी म्हटलंय. अठरा वर्षं या देशाने मला पोसलं, माझी तक्रार नाही. पण इथे नोकरी आहे तोवर मुक्काम. नोकरी खलास की आपणही खलास. लेकीला शाळेत कोणी विचारलं "तू कुठली" तर ती जरा थांबते. ते थांबणं मला ऐकवत नाही.

हे सगळं दोन महिन्यांपूर्वी जवळजवळ बुडालं होतं, आणि बुडवणारा होता तो निझवाचा बताका. आठवतो ना? आपल्या मालकाकडे, अर्बाबकडे, मेकॅनिकचा व्हिसा शिल्लक नव्हता, सुताराचा होता, म्हणून माझ्या त्या लेबर कार्डावर सहा वर्षं "सुतार" लिहिलेलं. मी आयुष्यात साधा पाट बनवलेला नाही. तेव्हा कोणाला काय त्याचं? आपल्या खोलीतला आचारी सरकारदरबारी गवंडी होता आणि ड्रायव्हर माळी होता. मी अर्जात खरं ते लिहिलं, की निझवात सहा वर्षं रेफ्रिजरेशन मेकॅनिक होतो, आणि शहाण्यासारखी जुन्या बताक्याची प्रतही जोडली. प्रांताच्या अधिकाऱ्याचं पत्र आलं: तुमच्या कार्डावर सुतार आहे, अर्जात मेकॅनिक आहे, तीस दिवसांत पुराव्यासह खुलासा करा, नाहीतर खोटी माहिती दिली असं धरू. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मस्कतची नंतरची सगळी वर्षं कागदोपत्री चोख आहेत, पण एक खोटं ठरलं की सगळा अर्जच खोटा. लेकीने पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, तू कार्पेंटर? तुला माझी चेअर पण फिक्स करायला येत नाही!" अर्बाबनी निझवाची आपली कंपनी केव्हाच बंद केली. माझ्याजवळ तिचा एकच दाखला, त्यात लिहिलेलं की हा मुलगा स्वभावाने चांगला आहे.

दहा-बारा दिवस मी जुन्या लोकांना फोन करत बसलो. कोणी केरळात, कोणी ढाक्यात, कोणी नंबर बदललेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मग एका दुपारी इथल्या एका पॅनेलचं दार उघडलं आणि आतल्या बाजूला मीच दोऱ्याने बांधलेलं पेन समोर लोंबकळलं. ही खोड मला कोणी लावली?

तुम्हीच लावलीत, काका. मी चोवीस वर्षांचा, कोकणातून आयटीआय करून आलेला, आणि तुम्ही नागपूरकडचे फोरमन, सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा न घेणारे. पहिल्याच दिवशी अर्बाबच्या खजुराच्या गोदामात तुम्ही कोल्ड रूमच्या पॅनेलची पेटी उघडून दाखवलीत. मोटरीच्याही आधी दाखवलंत ते दाराच्या आत लावलेलं प्लॅस्टिकचं कव्हर. त्यात पानं. तारीख, गॅसचं प्रेशर, अँपियर, काय केलं, कोणी केलं. शेवटी सही आणि सहीखाली हुद्दा. बाजूला दोऱ्याने बांधलेलं पेन. "पेन नव्हतं म्हनू नको," तुम्ही म्हणालात. मी तरुण आणि आगाऊ. म्हटलं, काका, हे कोण वाचणार? आणि हुद्दा काय लिहू, बताक्यावर तर मी सुतार आहे. तुम्ही चष्मा वर केलात. "बताक्यावर सरकारनं काय लिवलं ते तुह्या हातात नाही. पेटीत तू काय लिवतो ते तुह्या हातात हाय. माह्या आज्याले पाटीले हात लावू देल्ला नाही कोनी. मले लिवता येते, तं मी काऊन सोडू?" मी लिहिलं: मेकॅनिक. माझ्या नावापुढे तो शब्द पहिल्यांदा तिथे लागला.

तुम्हाला मी घाबरायचो आणि शुक्रवारची वाटही पाहायचो, कारण शुक्रवारी तुमची पाटवडी असायची. बेसन घोटताना मला हात लावू द्यायचा नाहीत. मी मासे आणले की नाक दाबून म्हणायचात, "तुह्या गावात काटे खातेत का बे?" आणि नंतर तव्यावरचा तुकडा हळूच उचलायचात. पाटवडीचा रस्सा एवढा तिखट असे की आचारी-कम-गवंडी डोळे पुसत जेवायचा. अजून तसा रस्सा मला जमत नाही. बायको म्हणते, तू तो करूच नकोस, मग घरात दोन दिवस ठसका असतो.

आणि तो गुरुवार. उन्हाने पत्रे तापलेले, उद्या सुट्टी, आणि मी गोदामाचा कंडेन्सर न धुताच पानावर लिहिलं: कंडेन्सर साफ केला. शनिवारी तुम्ही मला घेऊन तिथे गेलात, पान वाचलंत, मग मागे जाऊन जाळीवर बोट फिरवलंत. बोट माझ्यासमोर धरलंत. धूळ. तुम्ही ओरडाल म्हणून मी खांदे आकसून उभा होतो. तुम्ही ओरडला नाहीत. "बाबू, तू खोटं बोलला असता तं मी इसरून गेलो असतो. पन तू खोटं लिवलं. आता ह्या पेटीले कोन समजावन?" मी पेन घेऊन ती ओळ गिरगटायला लागलो तर माझं मनगट धरलंत. "गिचमिड करू नको. एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पाह्यजे." मग खाली लिहवून घेतलंत: वरचं खोटं आहे, काम आज केलं. सही. हुद्दा. मी त्या दिवशी तुमच्याशी जेवताना बोललो नाही. मला भयंकर राग आला होता, आणि तो तुमच्यावर नव्हता.

तर गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी लेकीला गाडीत घालून निझवाला गेलो. गोदाम आहे तिथेच आहे. अर्बाब आता फार थकलेत, काठी घेऊन चालतात, पण हिंदी तशीच. मला ओळखलं नाही. कहवा दिला, खजूर पुढे केले. मी हकिकत सांगितली तशी म्हणाले, "तुम कार्पेंटर? मेरा घर का दरवाजा अभी तक टूटा है!" आणि खूप हसले. मग मी पत्राचं विचारलं, आणि हसू थांबलं. मला त्यांच्याकडून दोन वाक्यं हवी होती: "व्हिसा सुताराचा होता कारण माझ्याकडे तोच शिल्लक होता. काम याने मेकॅनिकचं केलं." दोस्त म्हणून हाक मारत म्हणाले, "सदीक, ये मैं लिखेगा तो मेरा गलती कागज पे आ जाएगा." त्यांचं खोटं नव्हतं. मी तरी कोणत्या तोंडाने आग्रह करणार? माझ्या लेकीने टेबलाखालून माझं बोट घट्ट धरलं.

मी म्हटलं, ठीक आहे अर्बाब, निदान पेटी उघडून बघू द्या. कोल्ड रूम अजून चालते. मोटर नवी बसवली आहे, पण पॅनेल तेच. दार उघडलं. दोरा कुजून गेला होता, पेनही नव्हतं, पण काका, कव्हर होतं! नंतर येणाऱ्या मेकॅनिकांनी त्याला हात लावला नव्हता. पिवळी पडलेली सहा वर्षांची पानं, तुमचं ताठ अक्षर, माझं पळतं अक्षर, आणि प्रत्येक सहीखाली मेकॅनिक, मेकॅनिक, मेकॅनिक. मी तिथेच बसकण मारली. लेक पानं उलटत होती आणि मोठ्याने तारखा वाचत होती. अर्बाबनी चष्मा लावला. तुमच्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, "ये आदमी! लिखने का पहले मेरा कहवा नहीं पीता था." मग त्यांचं बोट त्या एका रेघेवर थांबलं. हे काय, म्हणून विचारलं. क्षणभर वाटलं, काहीतरी थाप मारावी. पण लेक बघत होती आणि तुमचं अक्षरही समोर होतं. सांगितलं सगळं: धूळ, बोट, रेघ. लेकीने मान वर केली. "बाबा, तू खोटा लिहिला? आणि मग तूच लिहिला की खोटा आहे?" हो म्हटलं. अर्बाबनी त्या रेघेवरून पुन्हा बोट फिरवलं. मग त्यांना हसू फुटलं, काठी हलेपर्यंत. "छोकरा अपना झूठ खुद लिखा, और मैं बुढ्ढा डरता है? यल्ला, कागज लाओ."

लेकीने इंग्रजीत लिहिलं, त्यांनी एकेक वाक्य ऐकून मान डोलावली आणि सही केली. माझा जीव भांड्यात पडला. पानांचे फोटो काढले, ती रेघेची ओळ धरून. लेक म्हणत होती तेवढी कापू या. मी कापू दिली नाही, तशीच प्रांताला धाडली. येताना अर्बाबनी मूळ पानंच माझ्या हातात दिली, वर एक खोकं खजुराचं. परतीच्या वाटेवर लेक तुमच्याबद्दल विचारत राहिली, मोडक्यातोडक्या मराठीत, आणि मी तुमचं बोलणं तिला जसंच्या तसं करून दाखवलं. आता ती घरात माझ्यावरच डाफरते: "काऊन बे?" काल तिने फ्रिजच्या दाराला दोऱ्याने पेन बांधलंय.

कायमचं गावी परत जाताना तुम्ही मला डझनभर पेनं आणि कव्हरांचं पाकीट दिलं होतंत. मला राग आला होता. लोक घड्याळ देतात. चार महिन्यांनी तुमच्या मुलाचा फोन आला, की तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी गोदामाची सर्व्हिस होती. काम केलं, लिहिलं, सही केली.

आता एक सांगायचं राहिलं. निझवात पानं चाळताना, तुम्ही गेल्याचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी केलेल्या त्या सर्व्हिसचं पान मीच आधी पाहिलं आणि कोणी बघायच्या आत खिशात घातलं. त्यावर माझ्या सहीखाली तुमची सही आहे. तुम्ही करायचात तशीच, मी केलेली. काम दोघांनी केलं, असं मी त्या दिवशी पेटीत लिहून ठेवलं. ते पान कॅनडाला पाठवलं नाही. खोटं खोडल्याशिवाय पुढे धाडायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. हे पत्र त्या पानासोबत तुम्ही दिलेल्या एका कव्हरात ठेवतोय. तुम्हाला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही वाचून त्या सहीवर एक रेघ मारायला सांगितली असती, आणि ती मी मारणार नाही.