जात्यावरच्या आगबोटी

अमडापूर,
भाद्रपद, १९६२

रा. रा. भगवानराव मामा (मुलांच्या नात्यानं म्हणतो, वयानं तुम्ही माझ्याहून दीडच वर्षानं मोठे आहात) यांसी नारायणरावाचा दंडवत. खामगावी आपण, मामी आणि नवी म्हैस सुखरूप असाल. आपल्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला लागू पडला की नाही, ते कळवावं. इकडे सर्व ठीक, म्हणजे विहिरीला पाणी आहे, वांग्याला कीड आहे आणि आपल्या भगिनी सत्यभामाबाई यांच्या मनात काय आहे याचा मला पत्ता नव्हता. तो कसा लागला, त्यासाठी हे पत्र.

मी संशयी आहे असं तुमच्या घरी बोलतात. आहेच. भाजी पिकवणाऱ्यानं वांग्याचं भोक आधी पाहावं, रंग मग. गेल्या साली चिरंजीव इंद्रभान मळा सोडून मुंबईला पळाला (मुंबई आपल्या राज्यात आली म्हणून काय सगळ्यांनी तिकडेच जायचं?), तेव्हा मी घरात बजावलं की ताटावर त्याचा विषय निघता कामा नये. वर्षभर निघाला नाही. बाईमाणूस इतकं मुकाट ऐकतं म्हटल्यावर मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण त्या वेळी मिरचीचा भाव पडला होता आणि माझं लक्ष तिकडे होतं.

पोळ्याच्या आधी एका पहाटे जाग आली. बाई दळत होत्या आणि ओवी म्हणत होत्या. वीस वर्षं ऐकतो आहे, माहेरची तारीफ सोडून त्यात काही नसतं (रागावू नये). पण त्या दिवशी ऐकू आलं ते असं:

पहिली माही ओवी, स्टीमर लय मोठं,
दुसरी माही ओवी, लाँच चाले धाकटं.
तिसरी माही ओवी, टग ओढे जोरजोरू,
चवथी माही ओवी, बार्ज मागं हळूहळू.

मी पांघरुणातच उठून बसलो. स्टीमर, लाँच, टग, बार्ज. देवाधर्मात असली नावं नाहीत, आमच्या भाऊबंदांतही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यात फेरी आणि याट आले. करणी असावी असं वाटून मी पुंजाजी भगताकडे गेलो. त्यानं नारळ घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "पान्यातलं हाये काहीतरी." मी त्याला लबाड म्हणून आलो. (आता त्याची माफी मागावी लागेल आणि तो आणखी एक नारळ घेईल.)

मग मी ते शब्द चिठ्ठीवर उतरवून इंग्रजी शिकवणाऱ्या जानराव मास्तरांना गाठलं. हे मास्तर आमच्याकडून वांगी नेतात आणि बाई त्यांना तोलून झाल्यावर वर दोन टाकतात, तेव्हा माझा डोळा होताच. चिठ्ठी पाहून मास्तरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बोटी हायेत ह्या सगळ्या. तुमी काऊन पुसून राह्यले?" आता मला सांगा, ज्या गावात पूर आला तरी म्हशीच्या पोटाला पाणी लागत नाही, तिथल्या बाईला सहा जातींच्या इंग्रजी बोटी कशाला हव्यात? पळून जायचं असेल तर एक पुरे.

शेवटी मी पहाटे कणगीच्या मागे दबा धरून बसलो. कणगीत तूर होती, अंगावर धूळ पडली आणि मी शिंकलो. बाईंनी जातं थांबवलं नाही. उलट आवाज चढवून पुढची ओवी घातली:

सातवी माही ओवी, टग माह्या लेकराचा,
खाऱ्या पान्यावर त्याले आसरा देवाचा.

मी बाहेर आलो आणि म्हटलं, या घरात त्याचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. त्यावर म्हणाल्या, "तुमी ताटावर म्हन्लं होतं. जात्यावर कुठी म्हन्लं होतं?"

मग सगळं निघालं. पोरगा बंदरात टगावर, म्हणजे मोठ्या बोटी ओढणाऱ्या लहान बोटीवर, कामाला आहे. त्याची पत्रं मास्तर बाईंना वाचून दाखवतात. आषाढात दुकानावर कोणीतरी पेपर वाचला की वादळात आगबोट बुडाली. बाईंना काय कळणार, बोट म्हणजे बोट. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. (मला सांगितलं एकादशी आहे. लागोपाठ दोन कशा, तर एक स्मार्त, एक भागवत. मी पंचांग पाहिलं नाही, हा माझाच गाढवपणा.) मास्तरांनी समजावलं की बुडालं ते स्टीमर, टग वेगळा, तेव्हा पाण्याचा घोट घेतला. "कोनती बुडाली अन् आपली कोनती, हे मायले समजाले पायजे का नाही?" म्हणाल्या. अक्षर येत नाही म्हणून सगळ्या बोटी ओवीत बसवल्या. खोटं कशाला लिहू, ते दोन दिवस समोर बसून मी चारी ठाव जेवत होतो.

एक शंका मात्र राहते. मास्तर म्हणतात, पत्रांवर शिक्का खामगावचा असतो. मामा, खामगावला समुद्र कधीपासून आला?

मामींना नमस्कार. आपला लोभ राहो, माझा संशय आहेच.

आपला,
नारायणराव

ता. क. यावरून मी विरघळलो असा अर्थ काढू नये.

आणखी ता. क. टग बुडतो का, हे तिकडच्या एखाद्या शिकलेल्या माणसाला विचारून कळवावं. मास्तर "सहसा नाही" म्हणाले. मला ते "सहसा" पसंत पडलं नाही.

शेवटचा ता. क. पत्ता तुमच्याजवळ आहे, नाही म्हणू नये. हे पत्र पोचताच त्याला तार करावी की बाप अत्यवस्थ आहे, असेल तसा निघ. माझी प्रकृती उत्तम आहे, तेव्हा बहिणीला यातलं काही कळवू नका. तार वाचूनही तो आला नाही, तर मात्र ती तार खरीच ठरेल, तुमच्या हातून खोटी गेली असं होणार नाही.