हमीपत्रातली एक ओळ

पुणे, रविवार, ४ जानेवारी

प्रिय शंभू,

जुलैतल्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं. अर्ज चीनमध्ये अडकला, म्हणून मॅग्नेट आले नाहीत आणि लाइन बंद पडली, असं लिहिलं होतं. अर्ज चीनमध्ये अडकला नव्हता. तो एकोणीस दिवस माझ्या टेबलाच्या खणात होता.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. पण तू हसलास की माझा धीर जातो.

अमेरिकेनं चीनच्या मालावर कर वाढवले, चीननं मॅग्नेटला परवाना लावला, आणि त्या भांडणातला एक कागद शिवणे गावातल्या आपल्या विजेच्या मोटारींच्या कारखान्यात आला. मॅग्नेट कशासाठी हवेत, त्याचं अर्जासोबत जोडायचं हमीपत्र. खरेदी विभागातून माझीच सही नोंदलेली, दुसऱ्या कुणाची चालत नाही. त्यात एक ओळ होती: हा माल कोणत्याही लष्करी वस्तूत वापरला जाणार नाही. तू जोडायचास त्या मोटारी बहुतेक स्कूटरमध्ये जातात. पण महिन्याला तीनशे मोटारी सैन्यासाठी ड्रोन बनवणाऱ्यांकडे जातात. त्यांची चलनं मीच काढते.

शाळेत घालायच्या आधी बाबांनी मला बुधवार पेठेतल्या त्यांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात शिकवलं, हे तुला माहीत आहे. जळलेल्या मोटारींच्या पाट्यांवरून मी आकडे वाचायला शिकले. पाटीवर जेवढं लिहिलंय त्यापेक्षा कमी तार भरायची नाही, हा माझा पहिला धडा. त्या ओळीपुढे पेन उचलेना. दत्तप्रसादसर म्हणाले, "अहो उल्काबाई, आपल्याच जवानांसाठी आहेत ना? मग पाप कसलं? की आपलं आडनाव हरिश्चंद्रे?" सगळे हसले. मीही हसले, आणि कागद खणात ठेवला. मला वाटलं, आठवडाभरात काही मार्ग निघेल. मार्ग म्हणजे काय, ते आजही सांगता येणार नाही.

तेव्हा तू लग्नानंतर राहायला घेतलेल्या वारज्याच्या खोलीत ओटा बांधून घेत होतास. माझी उंची विचारलीस, आणि दोन इंच वर घ्यायला लावलास, मला वाकावं लागू नये म्हणून. गवंडी कुरकुरला, तर त्याला म्हणालास, स्वयंपाक तू करणार आहेस का? त्या संध्याकाळी खणातला कागद मी तुला सांगायला हवा होता. मी फरशीचा रंग कोणता घ्यायचा, यावर बोलत बसले.

मग कामावरून कमी केलेल्यांची यादी लागली. सव्वीस कंत्राटी कामगार, अकरावं नाव तुझं. त्याच दुपारी मी सही केली. ती खोटी ओळ न वाचता, डोळे दुसरीकडे करून. मॅग्नेट आले ते ऑक्टोबरात. तोवर तू बायकोच्या पगारावर पुण्यात राहणार नाही म्हणून वाशिमला गेला होतास, आणि लग्नाची तारीख कुणीच परत काढली नाही. स्वारगेटला बसमध्ये चढताना तू म्हणालास, "चीननं मोडलं आपलं लग्न, तू काहून रडून राह्यली वं?" मी ते तसंच राहू दिलं. एवढ्या मोठ्या देशामागे मी लपले, शंभू. आधीच सही केली असती तर तू गेला नसतास. केलीच नसती, तर निदान बाबांसमोर जेवायला बसताना घास उतरला असता.

परवा तुझा फोन आला. सर परत बोलावतायत, १६ तारखेला हजर व्हायचं, खोलीसाठी घरमालकीण विमलाबाईंशी बोललास, आता महिपतीशेठना सांगून डाळमिल सोडायची. इतका आनंद तुझ्या आवाजात मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मी "ये" म्हटलं. तेही चुकीचंच. तुमची पाळी ज्या मालावर सुरू होणार, त्यासाठी तेच हमीपत्र पुन्हा माझ्या टेबलावर आलंय. या वेळी मी त्यात तीनशे मोटारी लिहिणार आहे. मग तो माल येईल असं वाटत नाही. सर मला ठेवतील असंही नाही. म्हणून येऊ नकोस. डाळमिल सोडू नकोस. मला काय म्हणायचं ते म्हण, पण महिपतीशेठशी बोलायच्या आधी हे वाच. उद्या स्पीड पोस्टनं टाकते, गुरुवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. कागद मी सरांच्या हातात देणार आहे सोमवारी, १२ जानेवारीला, सकाळी दहा वाजता.

हे वाचूनही म्हणू दिलंस तर तुझीच,
उल्का