खुल्या दिवसाचा पहिला पेला

प्रिय ठमे,

रागावलेल्या माणसाने मायना बदलू नये, म्हणून 'प्रिय' तसेच ठेवले आहे आणि 'ठमे'ही. बाकी पत्रात लाडाची अपेक्षा करू नकोस.

तुझ्या जनसंपर्क विभागाने काढलेली खुल्या दिवसाची स्मरणिका काल पोचली. 'एका परंपरेचा उगम' हा तुझा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा बाप म्हणून, दुसऱ्यांदा लाल पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वाचनात पेन्सिलीचे टोक मोडले. तू लिहितेस की, जलशुद्धीकरण केंद्राचे फाटक वर्षातून एक दिवस नागरिकांसाठी उघडण्याची कल्पना तत्कालीन मुख्य अभियंत्यांना 'कर्मचारी आणि समाज यांच्यातील स्नेह दृढ व्हावा' म्हणून सुचली. त्या दिवशी 'उत्साहपूर्ण वातावरणात शुद्ध जलाचा पहिला पेला प्राशन करण्यात आला'. आणि तुझी आई 'इतर कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसमवेत हा सोहळा कौतुकाने पाहत होती'. तीन वाक्ये, तीन असत्ये. त्यातही मधले वाक्य मला सर्वांत जास्त झोंबले. प्राशन करण्यात आला म्हणजे कोणी केला? ज्या वाक्यातून कर्ता पळून जातो, अशी वाक्ये मी कचेरीत आयुष्यभर पकडून परत पाठवली. माझ्याच लेकीच्या लेखातून, माझ्याच बायकोच्या बाबतीत तो पळेल, असे स्वप्नातही वाटले नव्हते.

आता खरे काय घडले ते ऐक. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाजारपेठेखालची जुनी वाहिनी तडकली आणि गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात शिरले. रुग्णालयाच्या व्हरांड्यातही खाटा टाकाव्या लागल्या. वाहिनी बदलली, टाक्या धुतल्या, मी प्रयोगशाळेत रोज नमुने तपासले आणि सप्टेंबर संपण्याआधीच पाणी निर्मळ झाले. पण लोकांचा विश्वास वाहिनीसारखा बदलता येत नाही. टँकरपुढच्या रांगा हटेनात. मोठ्या साहेबांनी, म्हणजे तुझ्या त्या मुख्य अभियंत्यांनी, चौकाचौकांत 'पाणी पूर्णपणे शुद्ध आहे' असे फलक लावले, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक फलकाखाली कोळशाने लिहिलेले: 'आधी तू पी.' वाक्य छोटे, पण व्याकरणदृष्ट्या निर्दोष. फाटक उघडण्याची सूचना साहेबांची नव्हतीच. ती आमच्या पंपचालकाची होती. आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत, हे तुला ठाऊक आहे. तो बैठकीत म्हणाला, "साहेब, फाटक उघडा. येऊ द्या, बघू द्या, वाटलं तर चार शिव्या देऊ द्या. शिव्यांनी टाकी फुटत नाही." साहेब म्हणाले, दगड मारतील. शेवटी त्यांनी परवानगी दिली, आणि नेमके त्याच दिवशी तातडीच्या कामासाठी बाहेरगावी गेले. तुझ्या लेखातला 'स्नेह' तो हाच.

लोक आले ते कौतुकाने नव्हे. छाती पुढे काढून, हाताची घडी घालून आले. मी त्यांना तुरटीची खोली दाखवली, गाळणीच्या टाक्या दाखवल्या, वाळूचे थर समजावून सांगितले. शेवटी शुद्ध पाण्याच्या टाकीपाशी आलो. तिथल्या नळाचे पाणी आपण पिऊन दाखवायचे ठरले होते. पण पेला आणायचे आम्हा एवढ्या शहाण्यांपैकी एकालाही सुचले नव्हते. मी धावत जाऊन प्रयोगशाळेतले काचेचे चंचुपात्र आणले. म्हणजे तुमच्या मुखपृष्ठावर जो नक्षीदार चंदेरी पेला छापला आहे, तोही खोटा. भोंगा प्यायला, मी प्यायलो. तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई बोलली. तिचा मुलगा आठवडाभर सलाइनवर होता. "तुम्ही पिणारच हो! पगारच त्याचा घेता. घरी बायकापोरांना काय पाजता, ते दाखवा की!" मागून एकाने जोड दिली, "घरी उकळून, गाळून, वर दोनदा पारखून पीत असतील!" लोक हसले. ते हसू अजून माझ्या कानांत आहे. मी तक्ते उघडून आकडे वाचायला लागलो.

आणि मग गर्दीतून तुझी आई पुढे आली. ती येणार हे मला माहीत नव्हते. सातवा महिना सरत आला होता. एक हात कमरेवर आणि दुसऱ्याने लोकांना बाजूला सारत ती आली. मला म्हणाली, "अहो, भरा." मी खालच्या आवाजात म्हणालो, "वेड लागलंय का तुला? घरी जा." ती म्हणाली, "तुम्हीच तपासलंय ना? मग भरा." मी भरले. तुझ्या आईने ते चंचुपात्र एका दमात रिकामे केले, तळहातावर पालथे करून दाखवले, आणि त्या बाईपुढे धरले. ती बाई कितीतरी वेळ माझ्याकडे नाही, तुझ्या आईच्या पोटाकडे पाहत राहिली. मग तिने नळाखाली पात्र धरले. पहिला पेला, ठमे, 'करण्यात आला' नव्हता. आम्हा दोघा पगारदारांचे मोजायचे नाहीत; तो तुझ्या आईने प्यायला होता. आणि काटेकोर बोलायचे तर तूही.

तेव्हापासून नियम पडला की, पहिला पेला कर्मचाऱ्याने प्यायचा नाही. त्याच्या घरच्या माणसाने प्यायचा. नियम कुठे लिहिला नव्हता, म्हणूनच बहुधा पाळला गेला. एका वर्षी भोंग्याच्या सासूची पाळी आली. पिऊन झाल्यावर ती भर सभेत म्हणाली, "पाण्याला काही चव नाही." मी म्हणालो, आजी, शुद्ध पाण्याला चव नसतेच. त्यावर ती म्हणाली, "जावयाने केलेल्या कशालाच नसते." टाळ्या तिला पडल्या, मला नाही. रस्सीखेचीबद्दलही तू 'संघभावना' वगैरे लिहिले आहेस. ती व्हॉल्व्ह उघडणारे आणि बिले वाटणारे यांच्यातले वर्षभराचे भांडण एकदाचे दोरावर मिटावे म्हणून सुरू झाली. भांडण मिटले नाही, दोर तुटला. आणि बिलवाल्यांच्या टोकाला असलेले लेखापाल असे काही बुडावर आपटले की, पुढे कित्येक दिवस ते उभ्यानेच सह्या करत होते. अशा गोष्टींनी ते केंद्र लोकांचे झाले. तुझ्या लेखात ना दोर तुटतो, ना कोणी आपटतो, ना कोणी शिवी देतो. सगळे नुसते 'आनंदाने सहभागी' होतात.

पण लेख ही वरवरची बाब आहे. कार्यक्रमपत्रिकाही मी वाचली. चित्रकला स्पर्धा, संगीत खुर्ची, 'हसरा कर्मचारी' पुरस्कार, छायाचित्रासाठी थेंबाच्या आकाराची कमान, असू दे. माझी हरकत कमानीला नाही. काल सायंकाळी भोंग्याचा फोन आला. (त्याला फोनची गरज नाही, खिडकी उघडली तरी ऐकू येते.) तो पेन्शनच्या कामासाठी केंद्रावर गेला होता, तेव्हा मंचासाठी आलेली बाटलीबंद पाण्याची खोकी उतरवली जात होती. त्याने विचारले, तर तुझ्याच विभागातला कोणी म्हणाला की, पहिला पेलाही यंदा बाटलीतूनच भरायचा आहे, कारण तो प्रमुख पाहुण्यांच्या सौभाग्यवती पिणार आहेत आणि 'उगाच धोका नको'. भोंगा मला म्हणाला, "साहेब, हलवायाने पाहुण्यांसाठी मिठाई दुसऱ्याच्या दुकानातून आणायची, असं झालं हे!" मी त्याला पेन्शनचे काय झाले ते विचारले. खोक्यांबद्दल बोललो असतो तर तुझे नाव घ्यावे लागले असते.

कारण मला याचे आश्चर्य वाटले नाही, आणि माझ्या रागाचे मूळ तिथेच आहे. गेल्या महिन्यात मी तुझ्याकडे आलो होतो. तहान लागली म्हणून ओट्याजवळच्या नळाखाली पेला धरला. तुझी लेक धावत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "आजोबा, ते नका पिऊ! ते हात धुवायचं पाणी आहे. आई म्हणते, पोट बिघडतं." तू दारात उभी होतीस. मी तुझ्याकडे पाहिले. तू हसली असतीस, पोरीला दटावले असतेस, जावईबापूंवर ढकलले असतेस, तरी मी मानले असते. तू सरळ कोपऱ्यातल्या विकतच्या पाण्याच्या जारची तोटी दाबलीस आणि माझा पेला भरून दिलास. मी ते पाणी प्यायलो, कारण नातीसमोर तमाशा करायचा नव्हता.

त्याच आठवड्यात खालच्या वसाहतीत नळांना गढूळ पाणी आले. तुझ्या सहीचे निवेदन वर्तमानपत्रात होते: 'पाण्याच्या रंगात तात्पुरता बदल जाणवल्यास नागरिकांनी घाबरून जाऊ नये.' बदल 'जाणवत' नव्हता, ठमे. बादलीचा तळ दिसत नव्हता. नागरिकांनी घाबरू नये असे सांगणारी तू, आणि तुझ्या घरात जार.

म्हणून आता विचारतो, आणि मला वळणाचे उत्तर नको आहे. दोनच शक्यता आहेत. एक, पाण्यात काही दोष आहे आणि तो तुला ठाऊक आहे. तसे असेल, तर तुझा तो उत्सव आजच्या आज रद्द कर, मंच मोडून टाक आणि लोकांना स्पष्ट शब्दांत सांग, की उकळून प्या. नोकरी गेली तर जाऊ दे. माझे पेन्शन तुम्हा तिघांना पुरेल. दोन, पाण्यात काहीही दोष नाही, तुला केवळ भीती वाटते. भीती वाटणे हा गुन्हा नाही. तुझ्या आईलाही वाटली होती. पण मग कचेरीतून खाली उतर, प्रयोगशाळेत जा, नमुना समोर तपासून घे, आणि तो जार घराबाहेर काढ. स्वतःच्या लेकीला एक पाणी पाजायचे आणि दुसऱ्याच्या लेकरांना दुसऱ्या पाण्याची जाहिरात करायची, ही तिसरी शक्यता माझ्या घरात जन्मलेल्या मुलीला उपलब्ध नाही.

आता हे पत्र का लिहिले ते सांगतो. लेख मी वाचला, तसा तुझ्या आईनेही वाचला. मी आरडाओरडा केला. तिने चष्मा काढून ठेवला, कपाटातून ते चंचुपात्र काढले, (ते तिने इतकी वर्षे जपले आहे, हे मलाही ठाऊक नव्हते) घासून, पुसून स्मरणिकेवर पालथे घातले आणि म्हणाली, "रविवारी मी येणार. रांगेत उभी राहीन आणि नळाचं पाणी मागेन. बघू, कोण नाही म्हणतं." आणि मग तिने मला तो प्रश्न विचारला. तुझ्या जन्मापर्यंत, त्या पेल्यानंतर रोज, मी कामावरून परतलो की ती विचारत असे: "आजचं पाणी कसं आहे?" दुसरे काही नाही, तेवढेच. मी 'चांगलं आहे' म्हणालो की मगच ती जेवायला बसे. पुढे सवय झाली. तू मोठी झालीस, मी निवृत्त झालो, तरी मी प्रयोगशाळेत फोन करून तिला सांगत आलो. काल तिने विचारले तेव्हा मी फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली, "काका, ही माहिती आता फक्त जनसंपर्क विभाग देतो." म्हणजे तू. तुझी आई आता सत्तरीपुढची आहे. तिला पोटाचे दुखणे सोसवणार नाही, आणि माझ्या सांगण्याने ती थांबणारही नाही. त्या दिवशी तिने माझ्या शब्दावर पाणी प्यायले. यंदा ती तुझ्या शब्दावर पिणार आहे. मी तिला अडवू, की तिच्यासाठी नळ सोडू? आजचे पाणी कसे आहे, ठमे?

उत्तर येईपर्यंत रागावलेला, तरीही तुझाच,
बाबा

ता. क. स्मरणिकेच्या शुद्धिपत्रासाठी:

वाहिनी तडकली: ऑगस्ट १९८६. (तुझ्या लेखात उल्लेखच नाही.)

पहिला खुला दिवस: तू छापलेस १५ नोव्हेंबर १९८६. तो मोठ्या साहेबांचा वाढदिवस होता. खरी तारीख ९ नोव्हेंबर, रविवार.

पहिली रस्सीखेच: १९८६ नव्हे, १९८८. नवा दोर: १९८९.

यंदाचा खुला दिवस 'चाळिसावा, अखंड' नव्हे. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे फाटक बंद होते. म्हणून अडतिसावा.

पहिला पेला पिणारीची प्रसूती: १७ जानेवारी १९८७. मुलगी. वजन सव्वातीन किलो. दोघी सुखरूप.

पुढचा पेला: ९ नोव्हेंबर, रविवार. ही तारीख तू बरोबर छापली आहेस.